कापलेलं रबर आणि न सांडणारं रक्त

आमच्या धंद्यात रबराला चीर दिसली की तो पीस रिजेक्ट, विषय संपला. मी ऑइल सील, ओ-रिंग, बुश असलं सगळं मोल्डिंग करतो, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावात छोटं युनिट आहे, दोन प्रेस आणि एक ओव्हन, आणि फायनल इन्स्पेक्शनला बसलेल्या बायका भिंगातनं बघून बारीकशी चीर असलेला पीससुद्धा डब्यात टाकतात. आणि आप्पांच्या डायलिसिसमुळं दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्यावर कळालं की तिथं असे कितीतरी पार्ट वापरतात ज्यात रबराला मुद्दाम चीर पाडलेली असते, आणि ती चीर म्हणजेच तो पार्ट. ती काढली तर उरलेल्या रबराला काही किंमत नाही. तेव्हापासनं हा विषय डोक्यात बसलाय, आणि घरातल्यांना सांगून सांगून ते कंटाळलेत म्हणून आता इथं लिहितोय.

पहिल्यांदा साधी सलाईनची सुई घ्या. आपण सुई म्हणतो पण हातात राहते ती सुई नसतेच, ती मऊ प्लास्टिकची नळी असते. आत स्टीलची सुई, वर नळी, दोन्ही एकदम शिरेत जातात, मग स्टील काढून घेतात आणि नळी आत राहते. ही आयडिया १९५० ची, अमेरिकेत मेयो क्लिनिकमधे डेव्हिड मासा नावाच्या डॉक्टरनं काढलेली. त्याआधी लोखंडी सुईच शिरेत ठेवून हात फळीला बांधून ठेवायचे, जरा हात वाकला की सुई शिरेच्या बाहेर. आता आपल्याकडं वॉर्डात रंगावरनं ओळखतात, हिरवी १८ नंबर, गुलाबी २०, निळी २२, लहान पोरांना पिवळी २४. नंबर वाढेल तशी बारीक, हे आमच्या पत्र्याच्या गेजसारखंच उलटं आहे.

आता ज्यानं कुणी पेशंटजवळ बसून दिवस काढलेत त्यानं हे बघितलंच असणार. सिस्टर स्टीलची सुई मागं ओढते त्या क्षणाला नळीचं मागचं तोंड उघडं पडतं, आणि शिरेतलं रक्त सरळ बाहेर यायला लागतं. म्हणून ती एका हाताच्या बोटानं नळीच्या टोकापुढची शीर दाबून धरते, दुसऱ्या हातानं सुई काढते, मग सलाईनची नळी जोडायची, आणि ह्यातलं एखादं बोट सरकलं की चादरीवर लाल डाग, नातेवाईक घाबरणार, कुणीतरी ओरडणार. खरं तर रक्त थोडंच जातं, पेशंटला काही होत नाही. पण ते रक्त सिस्टरच्या हातावर जातं, आणि पेशंटला हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर? ग्लोव्हज असतात म्हणा, पण सगळीकडं आणि प्रत्येक वेळी असतातच असं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

ह्यावर उपाय म्हणजे नळीच्या मागच्या टोपीत सिलिकॉनची एक छोटी चकती बसवायची, मधे चीर पाडलेली. स्टीलची सुई पहिल्यापासनं त्या चिरेतनंच आरपार गेलेली असते. सुई ओढली की चीर मिटते, रक्त थांबतं. दाबायला बोट नको. मग सलाईनची नळी जोडली की तिचं निमुळतं टोक आतल्या एका प्लास्टिकच्या छोट्या पोकळ दांडीला ढकलतं, दांडी चिरेत घुसते, रस्ता उघडा. इथं एक गोम आहे. काही डिझाइनमधे दांडी एकदा पुढं गेली की तिथंच अडकून राहते, म्हणजे रक्त फक्त पहिल्या वेळी थांबणार, नंतर सलाईन बदलायला नळी काढली की परत जुनीच रामकहाणी. काहींमधे मात्र नळी काढल्यावर सिलिकॉनच दांडीला मागं ढकलतं आणि चीर परत मिटते, मग कितीदाही काढा-जोडा. बाहेरनं दोन्ही सेम दिसतात. त्यामुळं घेणाऱ्यानं हे विचारायलाच पाहिजे असं माझं मत, पण आपण तर बिलात फक्त आकडा बघतो.

माझा भाचा, मंगळवार पेठेतला, तालमीकडनं फुटबॉल खेळतो. त्याला समजावताना मला सोपं उदाहरण सापडलं. फुटबॉलात हवा भरायची पिन. पिन जरा ओली करायची, व्हॉल्व्हच्या भोकात घालायची, पंप मारायचा, पिन काढली की भोक बंद. कुणी झाकण लावत नाही, कुणी गाठ मारत नाही. आतला रबराचा गुट्टा चारी बाजूनं दाबून बसवलेला असतो आणि आतली हवासुद्धा त्याला दाबून धरते, म्हणून भोक मिटतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार ह्या तालमींच्या टीमची मॅच चालू असताना त्या बॉलवर काय काय हाणामारी होते, तरी तो व्हॉल्व्ह गळत नाही. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे नुसती चीर असून भागत नाय, आवळून धरायला पायजे." शंभर टक्के बरोबर. सगळं गुपित तेवढंच आहे.

आवळायचं कसं तर चकती मोल्ड करताना तिचा व्यास घराच्या व्यासापेक्षा मुद्दाम थोडा मोठा ठेवायचा. मग ती घरात दाबून बसवली की सगळ्या बाजूनं मधे दाब येतो आणि चिरेचे दोन्ही ओठ एकमेकावर घट्ट बसतात. किती मोठा ठेवायचा ह्यातच सगळी कारागिरी. कमी दाब ठेवला तर गळणार, जास्त ठेवला तर सिरिंज जोडताना सिस्टरला ताकद लावायला लागणार, आणि चिरेच्या कोपऱ्यातनं रबर फाटत जाणार.

आता रबरवाला म्हणून मला पहिला प्रश्न काय पडला, तर ती सुई चिरेत किती महिने घुसून बसलेली असते? फॅक्टरीत जुळवल्यापासनं पेशंटच्या हातापर्यंत. पाकिटावरची एक्सपायरी बघा, वर्षांच्या हिशोबात असते. एवढा काळ रबर एका आकारात ताणून ठेवलं तर ते तोच आकार धरून बसतं, आमच्याकडं ह्याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात आणि आमचे निम्मे रिजेक्शनचे वाद ह्याच्यावरनंच होतात. टेस्ट साधी असते, पीस २५ टक्के दाबायचा, ठरलेल्या टेंपरेचरला ओव्हनमधे २२ तास किंवा ७० तास ठेवायचा, सोडायचा आणि किती परत आला ते मोजायचं. नीट क्युअर न झालेलं, म्हणजे कच्चं राहिलेलं, साधं रबर कंपाऊंड आमच्या ओव्हनमधनं बाहेर येतं ते दबलेलं ते दबलेलंच. सिलिकॉन चांगलं क्युअर केलेलं असेल तर बरंचसं मूळ जागेवर येतं, आणि थंडी असो उन्हाळा असो, फार फरक पडत नाही. म्हणून तिथं सिलिकॉन. स्वस्त म्हणून दुसरं काही चालत नाही, आणि शिवाय गंधकानं पकवलेल्या रबरातनं जे काय काय झिरपतं ते रक्तात जाऊन चालणार आहे का.

सिलिकॉनची उलटी खोड पण आहे, आणि ही मला जाम आवडली. ताजी कापलेली चीर दाबून ठेवली, वरनं गॅमा रेडिएशननं स्टरलाइज केली, की तिचे ओठ एकमेकाला चिकटायला बघतात. म्हणजे बंद न व्हायची भीती नाही, उघडायचीच मारामार! जिथं सुई आत घुसवून ठेवलेली नसते अशा व्हॉल्व्हमधे हा प्रॉब्लेम जास्त. मग चिरेला सिलिकॉन तेलाचा हात मारतात, नाहीतर कंपाऊंडच असं घेतात की त्यातनं थोडं थोडं तेल आपोआप वर येत राहतं. आम्ही ऑइल सीलमधे तेल बाहेर येऊ नये म्हणून आयुष्य घालवतो आणि इथं तेल सुटणारं रबर मुद्दाम विकत घेतात.

शिरोलीतला एक मित्र म्हणाला, अरे मग तू का बनवत नाहीस, उद्यमनगरात डाय बनवून घे, कोल्हापूरचे टूलरूमवाले काय कमी आहेत का. डाय होईल, ते खरंय. उद्यमनगरात ऑइल इंजिनपासनं सगळं झालंय. पण ह्यात लागतं लिक्विड सिलिकॉन, ए आणि बी दोन भाग, प्लॅटिनमवर पकणारं, पाण्यासारखं नसलं तरी इतकं वाहतं की मोल्डच्या दोन पार्टमधे काही मायक्रॉनची फट असली तरी तिथनं फ्लॅश, म्हणजे कडेला जादा रबराचा पापुद्रा, येणार. शिवाय प्लॅटिनमला गंधक अजिबात चालत नाही, आमच्या शेडमधे तर हवेतच गंधक, तिथं ते पकायचंच नाही नीट. वरनं क्लीनरूम पाहिजे, मेडिकल वस्तू बनवायला लागणारं क्वालिटीचं आयएसओ १३४८५ पाहिजे, शरीराला चालतं का ह्याच्या १०९९३ च्या टेस्ट, २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स. आणि हे सगळं करून झालं की मोल्ड झालेल्या चकतीला ब्लेडनं चीर पाडायचं वेगळं ऑपरेशन, ब्लेड जरा बोथट झालं की चीर वाकडी, चीर वाकडी की एक ओठ आत एक बाहेर, आणि ते डोळ्याला दिसत पण नाही, प्रेशर लावून एकेक तपासायचं. मी मित्राला म्हटलं, तू गुंतवणूक कर, मी कामगार म्हणून येतो. त्यानंतर त्यानं विषय काढला नाही.

हीच चीर वेगवेगळ्या वेषात सगळ्या दवाखान्यात फिरत असते. मनगटातनं अँजिओग्राफी करतात तेव्हा शीथ नावाची आखूड नळी धमनीत बसवतात, तिच्या मागच्या तोंडाला असलीच चकती. त्यातनं वायर घाला, दोन मिलिमीटरचा कॅथेटर, म्हणजे लांब बारीक नळी, घाला, काढा, दुसरा घाला, धमनीचं प्रेशर असूनसुद्धा रक्ताची चिळकांडी उडत नाही. सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं १९५३ साली सुई, वायर, मग नळी ही पद्धत काढली तेव्हा ही सोय नव्हती. केमोथेरपीला छातीत कातडीखाली जो पोर्ट, म्हणजे औषध टोचायची छोटी डबी, बसवतात त्याच्यात तर आधी पाडलेली चीरच नाही, सिलिकॉनचा जाड गुट्टा दाबून बसवलाय आणि दर वेळी सुई त्याला नवीन चीर पाडते. साधारण हजार वेळा टोचलं तरी चालावं असा हिशोब असतो. पण सुई साधी चालत नाही, ह्युबर सुईच लागते. साधी सुई रबराचा बारीक तुकडा कापून बाहेर काढते, तसं भोक कधीच मिटत नाही. ह्युबरचं टोक जरा वाकवलेलं, भोक बाजूला, त्यामुळं ती रबर फक्त बाजूला सारते. आमच्या शेजारच्या काकूंना पोर्ट आहे. त्यांच्या मुलाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला तिथल्या सिस्टरला माहीत आहे काका. असणारच की. पण गावाकडं कुठं तरी अडीअडचणीत कुणी साधी सुई घालू नये म्हणून घरातल्यालापण माहीत असलेलं बरं.

ग्रोशाँग नावाचा कॅथेटर तर भारीच आहे. त्याचं टोक बंद, आणि टोकाजवळ बाजूला चीर. औषध ढकललं की चीर बाहेरच्या बाजूला उघडते, रक्त काढायला ओढलं की आतल्या बाजूला, आणि काहीच केलं नाही की बंद. तीन अवस्था, एक चीर, ना स्प्रिंग ना गोळी. त्यामुळं नळीत रक्त शिरून गोठत नाही आणि हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, भरून ठेवायला लागत नाही, साध्या सलाईननं धुतलं की झालं.

मला ह्या सगळ्यात पटलेली गोष्ट एकच. उघडायला माणूस लागतो, बंद व्हायला लागत नाही. आपल्याकडच्या वॉर्डात एका सिस्टरच्या अंगावर किती पेशंट असतात ते बघा, रात्री तर विचारूच नका, त्यात ती एक चिमटा लावायला विसरली तर तिला शिव्या घालण्यात काय अर्थ आहे? डिझाइनच असं पाहिजे की विसरलं तरी बंद. चिमटा म्हणजे क्लॅम्प, त्याचा नियम उलटा असतो, तो कुणीतरी आठवणीनं दाबला तर बंद, नाहीतर उघडा. मानेतल्या डायलिसिस कॅथेटरला लाल आणि निळी अशी दोन तोंडं असतात, दोन्हीला क्लॅम्प, वर टोपी. तिथं क्लॅम्प उघडा राहून टोपी निघाली तर रक्त जाणं ही एक गोष्ट, पण पेशंट बसलेला असेल आणि त्यानं खोल श्वास घेतला तर हवा आत ओढली जाऊ शकते, आणि ती हवा थेट हृदयाकडं जाते. ते रक्तापेक्षा डेंजर.

मग सगळीकडं व्हॉल्व्हच लावा की, असं वाटतं ना? मलापण वाटलेलं. पण त्याचं दुसरं अंग आहे. चीर रक्ताला अडवते, जंतूला नाही. सलाईनच्या नळीला जे सुईशिवाय जोडायचे कनेक्टर असतात (अमेरिकेत सुया टोचून नर्सना आजार व्हायला लागले, २००० साली तिकडं कायदाच झाला, त्या लाटेत हे सगळीकडं पसरले) त्याच्या तोंडावर जे काही बसलंय ते सिरिंजबरोबर सरळ आत. म्हणून स्पिरिटच्या स्वॅबनं पंधरा सेकंद तरी घासायचं, मग वाळू द्यायचं, मग जोडायचं. पंधरा सेकंद मोजून बघा, लई मोठी वाटतात. बहुतेक ठिकाणी टपकन एक हात फिरवतात आणि झालं. म्हणजे व्हॉल्व्ह बंद होतो म्हणून माणूस बेफिकीर होतो, असा तो उलटा त्रास. आणखी एक, काही कनेक्टरमधनं सिरिंज काढताना नळीच्या टोकात थोडंसं रक्त मागं ओढलं जातं, तेवढंसंच, पण तिथं ते गोठतं आणि नळी जाम. त्यामुळं कुठल्या कनेक्टरला आधी क्लॅम्प मग सिरिंज काढायची आणि कुठल्याला आधी सिरिंज मग क्लॅम्प, हे ठरलेलं असतं, आणि तिथं गोंधळ होतो.

आणि मुख्य म्हणजे डायलिसिसची सुई. आप्पांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, धमनी आणि शीर ऑपरेशननं जोडलेली, बोट ठेवलं की खाली थरथर लागते. त्यात दोन जाडजूड सुया, एकीतनं रक्त मशीनकडं जातं, दुसरीतनं परत येतं. मिनिटाला साधारण ३०० मिली. मी पहिल्यांदा बसल्या बसल्या हिशोब केला, परत येणारी सुई निसटली आणि पंप चालूच राहिला तर एक लिटर रक्त बाहेर पडायला तीन मिनिटं वीस सेकंद. माणसाच्या अंगात सगळं मिळून पाचेक लिटर. घामच फुटला.

मी म्हटलं सुईत सेल्फ-सीलिंग व्हॉल्व्ह का नाही टाकत. मग विचार केल्यावर लक्षात येतं की उपयोग नाही. व्हॉल्व्ह मिटतो तो त्याला उघडायला ढकलणारं काही नसताना. इथं तर मागनं पंप ढकलतोय, पंपाला काय माहीत सुई शिरेत आहे का गादीवर, तो व्हॉल्व्ह उघडाच ठेवणार. बरं मशीनला प्रेशरचा अलार्म असतो, पण बहुतेक प्रेशर त्या सुईतनं रक्त ढकलण्यातच खर्च झालेलं असतं, शिरेतलं त्यात थोडंच. सुई निसटली तरी प्रेशर फारसं पडत नाही, आणि मशीन गप्प राहू शकतं. म्हणून लोकांनी उलटा विचार केलाय, सुईच्या पोटाखाली एक उचलला जाणारा भाग ठेवायचा, सुई कातडीवरनं उचलली गेली की तो आतनं नळीच बंद करणार, मग मशीनचं प्रेशर चढणार, अलार्म होणार, पंप थांबणार. म्हणजे गळती थांबवायचं काम व्हॉल्व्हनं एकट्यानं करायचं नाही, मशीनला ओरडायला लावायचं. मला हे डोकं फार आवडलं. ओलावा लागला की वाजणारे सेन्सर पण असतात, सुईजवळ लावायचे.

ज्यांची शीर चांगली नसते त्यांना कृत्रिम नळी बसवतात, ग्राफ्ट. साध्या ग्राफ्टला टोचायच्या आधी साधारण दोन आठवडे थांबायला लागतं, आजूबाजूचं मांस त्याला धरेपर्यंत, नाहीतर सुईच्या भोकातनं गळणार. आता असे ग्राफ्ट आहेत की ज्यात मधला थर रबरासारखा लवचिक, सुई काढली की तोच भोक मिटवतो, आणि दुसऱ्या दिवशीपासनं टोचता येतं. म्हणजे फिरून तोच फुटबॉलचा गुट्टा, फक्त लांब नळी करून हातात शिवलेला.

आप्पांना ह्यातलं काही लागत नाही, फिस्टुला मस्त चालतोय. सुई काढल्यावर बोळा दाबून दहा मिनिटं धरायचं, ते स्वतः धरतात, मधेच उचलून बघत नाहीत, त्यांच्या शेजारचे एकजण दर मिनिटाला उचलून बघतात आणि दर वेळी नव्यानं सुरू. सेंटरमधे सिस्टरचा एकच कडक नियम आहे, सुयांचा हात पांघरुणाखाली घालायचा नाही, डोळ्यासमोर उघडा पाहिजे. बरोबरच आहे, वर लिहिलेला हिशोब बघा. पण एसी एवढा असतो की आप्पा कुडकुडतात. शेवटी राजारामपुरीतल्या टेलरकडनं त्यांच्या स्वेटरची डावी बाही उसवून खांद्यापासनं मनगटापर्यंत चेन लावून घेतली, सुईपुरतं उघडायचं, बाकी गरम. टेलरनं विचारलं दुसऱ्या बाहीला पण लावू का. मी नको म्हणणार तेवढ्यात आप्पा म्हणाले, लाव की, बीपीचा पट्टा त्याच हाताला बांधतात.